वाटेत सीबी आला तर काय करायचं: पायलट आणि कंट्रोलर दोघांसाठी

समोर सीबी, म्हणजे क्युम्युलोनिम्बस हा वादळी ढग, आला की नेमकं काय करायचं, हा प्रश्न नवीन फर्स्ट ऑफिसरही विचारतात आणि नुकतेच रडार पोझिशनवर बसायला लागलेले कंट्रोलरही. पुस्तकात "टाळा" एवढंच लिहिलेलं असतं, ते बरोबरही आहे, पण कधीपासून टाळायचं, कुठल्या बाजूने, रेडिओवर काय बोलायचं आणि टाळता नाहीच आलं तर काय, हे सगळं तुकड्यातुकड्याने कळत जातं, म्हणून इथे एका जागी लिहितोय. तुमच्या विमानाचं मॅन्युअल आणि कंपनीची एसओपी (ठरलेली कार्यपद्धती) कायम वरचढ, आकड्यांत फरक दिसला तर तिथलेच धरा.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा. पायलटला ढग दिसतो पण आजूबाजूची ट्रॅफिक पूर्ण दिसत नाही, कंट्रोलरला सगळी ट्रॅफिक दिसते पण ढग तुमच्याएवढा बारकाईने दिसत नाही, बऱ्याच ठिकाणी तर त्याच्या स्क्रीनवर वेदर फारच ढोबळ येतं किंवा येतच नाही. दोघांकडे अर्धं अर्धं चित्र आहे आणि ते जोडायला फक्त एक फ्रिक्वेन्सी आहे, तीसुद्धा वादळाच्या दिवशी तुडुंब भरलेली. त्यामुळे लवकर ठरवणं आणि स्पष्ट बोलणं यातच निम्मं काम होऊन जातं.

निघायच्या आधी

हवामानाच्या चार्टवर सीबीच्या आधी काय शब्द लावलाय ते वाचा. आयसोलेटेड म्हणजे सुटे सुटे, मधून वाट मिळेल. ऑकेजनल म्हणजे बऱ्यापैकी जागा व्यापलेली. फ्रिक्वेंट म्हणजे मधे जागाच नाही असं धरून रूट दुसरा बघायचा. आणि एम्बेडेड हा मला सगळ्यात वाईट वाटतो कारण तो साध्या थरांच्या ढगात लपलेला असतो, खिडकीतून काहीच दिसत नाही, सगळी भिस्त रडारवर. वादळाचं सिगमेट, म्हणजे धोकादायक हवामानाचा इशारा, जास्तीत जास्त ४ तासांचं असतं त्यामुळे लांबच्या फ्लाइटला निघताना वाचलेलं सिगमेट पोचेपर्यंत शिळं झालेलं असतं, वाटेत नवीन घेत राहायचं.

आणि फ्युएल. टॅफमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अंदाजात, पोचायच्या वेळेला गडगडाट लिहिला असेल तर प्लॅनमधल्या फ्युएलवर जास्तीचं घ्या, २० मिनिटं होल्डिंग (हवेतच घिरट्या घालत थांबणं) किंवा एक लांबचा अल्टरनेट (पर्यायी विमानतळ) धरून. जवळचा अल्टरनेट कागदावर चालतो पण बरेचदा तोही त्याच वादळाखाली असतो. हातात फ्युएल असलं की वर गेल्यावर निर्णय शांतपणे घेता येतात, नसलं की प्रत्येक निर्णय घड्याळ घेतं.

रडार नीट वापरा, नुसतं चालू ठेवू नका

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण बहुतेक चुका इथेच होतात.

विमानाच्या नाकातलं रडार साधारण ३ सेंटीमीटर वेव्हलेंग्थवर चालतं आणि त्याला दिसतं ते पाणी, ढग नाही. पावसाचे थेंब छान दिसतात, ओल्या गारा त्याहून छान, पण कोरड्या गारा, बर्फाचे कण, हिम हे अगदी फिके दिसतात. मोठ्या सीबीचा वरचा भाग सगळा बर्फाचाच असतो, म्हणजे तुम्ही ३६,००० फुटांवर असताना रडार सरळ समोर धरलंत तर तुमच्या लेव्हलला असलेला ढग हिरवा दिसेल किंवा दिसणारही नाही, आणि आत अपड्राफ्ट (वर चढणारी हवा) मात्र मिनिटाला काही हजार फूट या वेगाने वर जात असेल. म्हणून टिल्ट (रडारच्या बीमचा वर-खाली कोन) खाली करून ढगाचा ओला भाग बघायचा, फ्रीझिंग लेव्हलच्या (जिथे तापमान शून्य अंश होतं त्या उंचीच्या) आसपासचा आणि त्याच्या खालचा.

हिशोब तोंडपाठ करून ठेवा: १ अंश टिल्ट म्हणजे दर मैलाला साधारण १०० फूट (मैल म्हणजे इथे सगळीकडे नॉटिकल मैल). ढग ४० मैलांवर असेल तर १ अंश म्हणजे ४,००० फूट. तुम्ही ३६,००० वर, टिल्ट उणे ४, म्हणजे बीमचा मधला भाग १६,००० फूट खाली, २०,००० वर लागतोय. आता बीम सुतासारखा बारीक नसतो, साडेतीन अंशांचा धरला तर ४० मैलांवर तो १४,००० फूट जाड झालेला असतो, त्यामुळे १३,००० ते २७,००० असा पट्टा एकदम दिसतो, ओला गाभा त्यात येतो. तोच ढग ८० मैलांवर असताना उणे ४ ठेवलं तर बीम जमिनीत जाईल आणि स्क्रीन ग्राउंड रिटर्नने (जमिनीवरून परतलेल्या सिग्नलने) भरून जाईल, तिथे उणे २ पुरतं. थोडक्यात ढग जवळ येत जाईल तसा टिल्ट आणखी खाली. नवीन रडार हे आपोआप करतात आणि चांगलं करतात, तरी संशय आला की मॅन्युअल करून एकदा वरून खाली झाडून घ्या, ढग किती उंच आणि किती ओला ते कळतं.

दोघांनी दोन रेंज ठेवा. उडवणाऱ्याने ८०, दुसऱ्याने १६०. फक्त ४० वर बघत राहिलं की मधली फट मोकळी दिसते, त्यात शिरता आणि पलीकडे दुसरी भिंत, मागे वळायलाही जागा नाही.

आता रंग. हिरवा, पिवळा, लाल हे पावसाचं प्रमाण, मजेंटा बहुतेक सेट्सवर टर्ब्युलन्स दाखवतो, पण तो जवळच्या पल्ल्यातच आणि तोही ओल्या हवेतला. रंगापेक्षा आकार बघा. कडा दातेरी, बोट बाहेर आलेलं, हुकसारखं वळण, हिरव्यापासून लालपर्यंतचं अंतर अगदी थोडं, यातलं काहीही दिसलं तर गारा धरूनच चाला.

आणि हे विसरू नका: लालच्या मागे काळं दिसलं म्हणजे तिथे मोकळं आहे असं नाही. जोरदार पाऊस रडारची सगळी ताकद खाऊन टाकतो, मागचं त्याला दिसतच नाही. ४ एप्रिल १९७७ ला सदर्न एअरवेजची फ्लाइट २४२, डीसी-९, हंट्सव्हिलहून अटलांटाला जाताना नेमकी अशीच फसली, रडारवर जिथे वाट दिसत होती तिथेच वादळाचा सगळ्यात वाईट भाग होता. पाणी आणि गारांनी दोन्ही इंजिनं गेली, न्यू होपजवळच्या हायवेवर उतरायचा प्रयत्न झाला, जमिनीवरचे धरून ७२ जण गेले. काळ्या भागाच्या मागे जमिनीचा रिटर्न दिसतोय का ते बघा, टिल्ट थोडा खाली करूनही दिसत नसेल तर तो भाग बंद समजायचा.

कुठून आणि किती लांबून

मोठ्या सेलपासून, म्हणजे वादळाच्या एकेका गाभ्यापासून, २० मैल. दोन सेलच्या मधून जायचं तर दोघांपासून २० म्हणजे फट ४० मैलांची हवी. जायचं वाऱ्याच्या वरच्या बाजूने, म्हणजे वारा जिकडून येतोय तिकडून, कारण ढगाची ऐरण (माथ्यावरचा सपाट पसरलेला भाग) वारा जिकडे वाहतो तिकडे पसरते आणि त्या ऐरणीखाली निरभ्र दिसणाऱ्या हवेत गारा पडू शकतात. वरून जायचा विचार असेल तर ढगाच्या माथ्यावर जितका वारा, त्याच्या दर १० नॉट्सला १,००० फूट, म्हणजे ५० नॉट्स वाऱ्याला ५,००० फूट वर पाहिजे. तेवढी जागा विमानाच्या सीलिंगखाली (ते चढू शकतं त्या कमाल उंचीखाली) बहुतेक वेळा नसतेच आणि माथा वाढतोही भराभर, त्यामुळे वरून जाणं हा पर्याय मी जवळजवळ सोडूनच देतो. खालून तर अजिबात नको.

लवकर वळण्याचा फायदा आकड्यात बघा. साधारण १७ मैल बाजूला सरकायचंय असं धरा. १०० मैलांवरून वळलात तर १० अंश पुरतात, प्रवाशाला कळतही नाही. ४० मैलांवरून तेच करायला २४ अंश लागतात, २० मैलांवरून ४० च्या वर. क्रूझला मिनिटाला ८ मैल जात असतो, म्हणजे १०० मैल म्हणजे साडेबारा मिनिटं आणि ४० मैल म्हणजे फक्त ५. त्या ५ मिनिटांत फ्रिक्वेन्सीवर तुमची पाळीही येईल याची खात्री नाही. म्हणून ८० ते १०० मैलांवर ठरवायचं आणि लगेच बोलायचं.

बोलायचं कसं

"रिक्वेस्ट लेफ्ट ड्यू वेदर" हे अर्धवट आहे. कंट्रोलरला कळत नाही किती, कुठपर्यंत, मग तो विचारतो, तुम्ही सांगता, चार ट्रान्समिशन जातात. त्याऐवजी असं:

"रिक्वेस्ट डिव्हिएशन २० माइल्स लेफ्ट ऑफ रूट ड्यू वेदर, फॉर नेक्स्ट ६० माइल्स."

म्हणजे रूटपासून बाजूला सरकायची (डिव्हिएशनची) बाजू, किती, कुठपर्यंत. तिकडून येतं, "डिव्हिएशन अप टू २० माइल्स लेफ्ट ऑफ रूट अप्रूव्हड, व्हेन एबल प्रोसीड डायरेक्ट" पुढचा पॉइंट, "रिपोर्ट क्लिअर ऑफ वेदर." हे उत्तर सोन्यासारखं आहे कारण यात २० मैलांच्या आत तुम्ही पाहिजे तसं वळू शकता, दर पाच अंशांना परत विचारायला नको. हेडिंग (नाकाची दिशा) दिलं असेल तर मात्र तेच धरायचं, बदलायचं झालं तर आधी विचारा. आणि क्लिअर झालात की लगेच सांगा, तुमच्यासाठी अडवून ठेवलेली जागा दुसऱ्याला लागत असते.

कंट्रोलर "अनेबल" (जमणार नाही) म्हणाला तर तो अडवणूक करत नसतो, तिकडे दुसरं विमान असतं किंवा मिलिटरीची हद्द असते. मग दुसरी बाजू विचारा, लेव्हल विचारा, स्पीड कमी करून वेळ काढा, वाटेत होल्ड मागा. आणि काहीच जमत नसेल तर "वेदर डिव्हिएशन रिक्वायर्ड" म्हणा. हे ठरवून दिलेले शब्द आहेत, ते ऐकले की तुम्हाला प्राधान्य मिळतं. तरीही नाही झालं तर पॅन पॅन (तातडीचा इशारा) तीनदा. क्लिअरन्स (कंट्रोलरची परवानगी) नाही म्हणून लालमध्ये शिरायचं, असं कुठलाही नियम सांगत नाही, इमर्जन्सीत शेवटचा अधिकार कॅप्टनचा आहे आणि तो याच वेळेसाठी आहे. फक्त वळायच्या आधी किंवा वळता वळता सांगा, गुपचूप वळू नका, पलीकडे ५ मैलांच्या सेपरेशनवर कोणीतरी असू शकतं.

समुद्रावर, जिथे रडार नाही आणि क्लिअरन्स यायला वेळ लागतो, तिथे आयकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) पद्धत ठरलेली आहे. १२१.५ आणि १२३.४५ या फ्रिक्वेन्सींवर आपली पोझिशन, लेव्हल आणि इरादा सांगा, बाहेरचे सगळे दिवे लावा, टीकॅसवर (टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेवर) डोळा ठेवा. ट्रॅकपासून ५ मैलांच्या आत असाल तर लेव्हल तीच. त्याच्या पलीकडे गेलात की ३०० फुटांचा फरक: पूर्वेकडे जाताना डावीकडे वळलात तर ३०० खाली, उजवीकडे वळलात तर ३०० वर, पश्चिमेकडे जाताना बरोबर उलटं. पूर्वी ही मर्यादा १० मैलांची होती, जुन्या नोट्समध्ये तसंच सापडेल, तो आकडा वापरू नका.

कंट्रोलरच्या खुर्चीत बसला असाल तर

पहिल्या विमानाने डिव्हिएशन मागितलं की त्याच वाटेवरचे मागचे सगळे मागणार हे धरूनच चाला. ते मागायच्या आधी मागच्यांना सांगून टाका की पुढचे दोघं अमुक इतके मैल डावीकडून गेले, राइड ठीक होती. एका वाक्यात पाच रिक्वेस्ट वाचतात. शेजारच्या सेक्टरला (बाजूचा हवाई भाग सांभाळणाऱ्या कंट्रोलरला) लवकर कळवा, कारण २० मैल डावीकडे म्हणजे बरेचदा त्याच्याच हद्दीत. डिव्हिएट करणाऱ्यांच्या मधे बाजूने जागा ठेवणं त्या दिवशी जमत नाही, ते कधी कुठे वळतील सांगता येत नाही, त्यामुळे शक्य तिथे लेव्हलने वेगळे करा. आणि सेक्टर भरत चालला की फ्लो (येणाऱ्या विमानांचा ओघ) कमी करायला सुपरवायझरला वेळेत सांगा, सगळे आत आल्यावर होल्डिंगलाही जागा उरत नाही. तुमच्या स्क्रीनवर पाऊस दिसत असेल तर जागा आणि तीव्रता सांगा, पण मधून वाट आहे असं पायलटला सुचवू नका, ते त्याच्या रडारवरून त्यालाच ठरवू द्या.

आत सापडलातच तर

मागे फिरू नका. वळण्यात विमानावर लोड वाढतो आणि वादळात राहायचा वेळही वाढतो, सरळ जाणं बहुतेक वेळा लवकर बाहेर काढतं. टर्ब्युलन्स स्पीड पकडा, ७३७ ला साधारण २८० नॉट्स किंवा माख ०.७६ (ध्वनीच्या वेगाच्या ०.७६ पट), बाकीच्यांचे आपापल्या मॅन्युअलमध्ये. ऑटोपायलट राहू द्या, ऑटोथ्रस्ट (पॉवर आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा) झटके देत असेल तर मॅन्युअलप्रमाणे काढून पॉवर एका जागी सेट करा. इंजिन अँटी-आइस आणि इग्निशन ऑन. कॉकपिटचे दिवे पूर्ण मोठे, नाहीतर वीज चमकली की रात्री काही सेकंद काहीच दिसत नाही. उंचीच्या मागे धावू नका, अ‍ॅटिट्यूड (विमानाचा कल) सांभाळा, पंख सरळ, उंची दोनचारशे फूट इकडेतिकडे झाली तर कंट्रोलरला सांगा की लेव्हल धरता येत नाहीये, तो जागा करेल. केबिन क्रूला शक्यतो हे सगळं व्हायच्या दहा मिनिटं आधीच बसवलेलं असावं, ट्रॉली बाहेर असताना पहिला झटका बसला तर माणसं जखमी होतात.

स्पीड अचानक विचित्र दिसायला लागला तर बर्फाच्या कणांनी पिटो (स्पीड मोजणारी नळी) बंद झाल्याची शंका घ्या, पिच (नाकाचा वर-खाली कोन) आणि पॉवरचे ठरलेले आकडे लावा. १ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ ची सुरुवात इथूनच झाली होती, विषुववृत्ताजवळच्या वादळी पट्ट्यात, आणि तो बिघाड जेमतेम एका मिनिटाचा होता. त्यातून पुढे २२८ जण गेले.

विजेची भीती मात्र जरा कमी करा. एअरलाइनच्या विमानावर सरासरी वर्षातून एकदा वीज पडते, मोठा आवाज होतो, उजेड होतो, प्रवासी घाबरतात, आणि करंट बाहेरच्या कवचावरून निघून जातो. गारा आणि वारा जास्त घातक.

उतरताना

विमानतळाजवळ आलं की सगळ्यांचीच विचारशक्ती थोडी अरुंद होते. एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीने डॅलसच्या विमानांचा डेटा अभ्यासला होता, १९९९ मध्ये छापून आला, त्यात दिसलं की विमानतळ जवळ असेल, पुढे दुसरं विमान गेलेलं असेल, उशीर झालेला असेल किंवा अंधार असेल तर पायलट वादळातून जायला जास्त तयार होतात. या चारातलं काहीही लागू होत असेल तर तोंडाने बोलून दाखवा, शेजारच्याला ऐकू जाऊ द्या.

"पुढचा उतरला की" हे कारण नव्हे. मायक्रोबर्स्ट (ढगातून जोरात खाली येऊन पसरणारा वारा) ४ किलोमीटरपेक्षा लहान असतो आणि काही मिनिटांत होऊन जातो, पुढच्याला नसेल आणि तुम्हाला असेल. २ ऑगस्ट १९८५ ला डेल्टा १९१ च्या पुढे एक लिअरजेट त्याच पावसातून सुखरूप उतरलं होतं, मागून आलेलं डेल्टाचं ट्रायस्टार रनवेच्या अलीकडेच आदळलं, १३७ जण गेले. म्हणून उतरताना तुम्हाला काही लागलं असेल, स्पीड १५ नॉट्सने वरखाली झाला असेल, पावसात समोरचं दिसेनासं झालं असेल, तर रनवेवरून बाहेर पडायच्या आधी टॉवरला सांगा, उंची आणि किती नॉट्स यासकट. मागच्याला ते तेव्हाच लागतं.

विंडशिअरची (वाऱ्याचा वेग किंवा दिशा अचानक बदलण्याची) वॉर्निंग आली तर चर्चा नको. पूर्ण पॉवर, मॅन्युअलमधली पिच, आणि गिअर, फ्लॅप्स बाहेर पडेपर्यंत जसे आहेत तसेच. टॉवरला "विंडशिअर एस्केप" एवढंच सांगा, त्या वेळी कंट्रोलरने हेडिंग किंवा अल्टिट्यूड देत बसू नये.

थांबायचं की डायव्हर्ट व्हायचं, हे होल्डमध्ये शिरतानाच आकड्यात ठरवा: एवढं फ्युएल राहिलं की निघायचं. आणि तो आकडा आला की निघा. वादळ आता सरकेल, अजून पाच मिनिटं, असं करत बसलात तर अल्टरनेटला तुमच्यासारखेच दहा जण पोचलेले असतात आणि पार्किंग भरलेलं. फायनल रिझर्व्ह, म्हणजे शेवटचा राखीव साठा, जेटला ३० मिनिटांचा, त्याला आणखी उशीर झाला तर हात लागेल असं दिसलं की "मिनिमम फ्युएल" सांगा, हात लागणारच असं दिसलं की "मेडे फ्युएल". हे सांगायला लाजू नका, कंट्रोलर तुमचं फ्युएल स्क्रीनवर बघू शकत नाही. उतरल्यावरही विजेमुळे रॅम्प (विमानं उभी करायची जागा) बंद असू शकतो, माणसं आत घेतलेली असतात, बेपर्यंत न्यायला कोणी नसतं, त्यामुळे टॅक्सीवेवर उभं राहायचंही फ्युएल धरा.

गेटला लागल्यावर वीज लागल्याची किंवा जोरदार टर्ब्युलन्सची नोंद टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) करायचीच, बाहेरून डाग दिसत नसला तरी. वीज एका टोकाला शिरून दुसऱ्या टोकाने निघते, रेडोमवर (नाकावरच्या रडारच्या आवरणावर) छोटा ठिपका आणि शेपटाकडे वितळलेला रिव्हेट, एवढंच कधी कधी असतं, आणि ते इंजिनिअरला शिडी लावून शोधावं लागतं.